टेबलामागच्या भिंतीचा रंग पुन्हा पुन्हा सुटतोय? आधी ओल कुठून येते ते शोधा

घरातली एखादी छोटी खोली कामासाठी तयार करायला घेतली की बहुतेक कामं एकदा करून संपतात. फळी ठोकली, टेबल बसवलं, वायरी पट्टीत घातल्या की त्यांच्याकडे पुन्हा बघावं लागत नाही. एक दुखणं मात्र परत परत उलटतं. टेबलामागच्या भिंतीवर रंगाला फुगे येतात, बोटाने दाबले की आतून पांढरी भुकटी सांडते, मग पापुद्रे सुटायला लागतात. आपण खरवडतो, पुट्टी भरतो, पॉलिशपेपर मारतो, रंगाचे दोन हात देतो. भिंत छान दिसते. चार-सहा महिने जातात आणि त्याच जागी तोच फुगा.

माझ्या आठ बाय दहा फुटांच्या खोलीत हे तीनदा झालं. पहिल्या वेळी वाटलं, पुट्टी कच्ची राहिली असेल. दुसऱ्या वेळी ओल अडवणारा जाड रंग लावला. तो तळहाताएवढ्या तुकड्यांनी सुटून आला आणि येताना पुट्टीचा थरही सोबत घेऊन आला. तिसऱ्या वेळी गळती सापडली, ती बंद केली, आणि तरीही फुगे आले. गळती बंद होऊनही रंग का सुटतो हे तेव्हा शोधावं लागलं, आणि खरं उत्तर तिथेच होतं. तुमचीही गळती थांबली असेल आणि भिंत ऐकत नसेल, तर ‘गळती थांबली, तरी फुगे’ हा भाग आधी वाचा.

ती पांढरी भुकटी काय सांगते

विटा, वाळू, सिमेंट आणि जमीन या सगळ्यांत थोडेफार क्षार असतात. भिंतीत पाणी शिरलं की ते क्षार विरघळून पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे सरकतात. पाणी हवेत उडून जातं, क्षार मागे राहतात आणि रंगाखाली त्यांचे स्फटिक तयार होतात. स्फटिक वाढताना जागा मागतात. त्यांचा दाब एवढा असतो की रंगाचा पापुद्रा तर उचलला जातोच, शिवाय पुट्टी आणि प्लास्टरचा वरचा थरही भुसभुशीत होतो. जुनी माणसं याला ‘भिंतीला लोणा लागला’ म्हणतात.

खात्री करायची सोपी रीत आहे. चिमूटभर भुकटी काचेच्या पेल्यात थोड्या पाण्यात टाकून ढवळा. बरीचशी विरघळली तर ते क्षार. तशीच तळाला बसली तर तो बहुतेक पुट्टीचा किंवा चुन्याचा भुगा. म्हणजे रंग सुटण्याचं कारण कच्ची पुट्टी किंवा धूळ न पुसता मारलेला प्रायमर असू शकतं. तसं असेल तर तुमचं काम हलकं आहे: सुटं तेवढं सगळं काढा, धूळ ओल्या फडक्याने टिपा, वाळू द्या आणि पुन्हा रंगवा. काळे-हिरवे ठिपके आणि कुबट वास असेल तर ती बुरशी. तिचं मूळ बहुधा हवेतल्या दमटपणात सापडतं.

डाग कुठे आहे ते बघा

उपकरण आणण्याआधी टेबल ओढून बाजूला करा आणि दिवसाच्या उजेडात पूर्ण भिंत बघा. डागाची जागा आणि आकार निम्मं उत्तर देतात.

जमिनीलगत भिंतभर आडवा पट्टा असेल, वरची कड लाटेसारखी असेल आणि त्या कडेवर पांढरट रेघ असेल, तर पाणी जमिनीतून वर चढतंय. अशी ओल साधारणपणे एक मीटरच्या आसपास थांबते, क्वचित त्याहून थोडी वर जाते. भिंतीच्या मधेच, जमिनीशी काही संबंध नसलेला गोलसर डाग असेल तर आतून जाणारा पाइप किंवा बाहेरच्या बाजूची भेग तपासा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात असेल तर चौकट आणि भिंत यांच्यातला सांधा किंवा खिडकीच्या खालच्या पट्टीचा उतार चुकलेला असतो. पट्टी बाहेरच्या बाजूला उतरती हवी आणि तिच्या पोटाशी पाणी तुटून पडायला खाच हवी. छताजवळ असेल तर वरच्या स्लॅबकडे बघा. आणि डाग नेमका टेबलाच्या पाठीएवढा, कपाटाच्या मागे किंवा बाहेरच्या दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात असेल, तर भिंतीला घाम सुटतोय.

एसी असलेल्या खोलीत आणखी एक जागा बघायची राहून जाते. एसीचं पाणी वाहून नेणारी नळी भिंतीतून जाताना उतार नसेल किंवा नळी तुंबली असेल तर पाणी भिंतीतच मुरतं. फुगे एसीच्या खाली किंवा बाजूला असतील तर सुरुवात तिथूनच करा.

प्लास्टिकच्या तुकड्याची चाचणी

ही चाचणी मी सगळ्यांत आधी करायला हवी होती. जाडसर पारदर्शक प्लास्टिकचा साधारण ४५ सेंटिमीटरचा चौकोन घ्या. डागावरचा सुटा रंग खरवडून जागा कोरडी पुसा. प्लास्टिक भिंतीला सपाट टेकवून चारही कडा रुंद टेपने पूर्ण बंद करा. एखाद्या कोपऱ्यातून हवा गेली तर चाचणी फुकट. मातीसारख्या भुसभुशीत भिंतीवर टेप धरत नाही, तेव्हा कडेने थोडा जास्त रंग खरवडून घट्ट पृष्ठभाग शोधा. ४८ तास हात लावू नका.

मग जवळून बघा. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला असतील, बोट फिरवलं की बोट ओलं होत असेल, तर पाणी हवेतून येतंय. बाहेरून प्लास्टिक कोरडं पण आतून धुक्यासारखं पांढुरकं झालं असेल, किंवा भिंतीचा तेवढाच चौकोन गडद दिसत असेल, तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्ही बाजू ओल्या निघाल्या तर दोन्ही कारणं एकत्र आहेत. एकच तुकडा लावू नका. एक डागावर, एक डागाच्या वर, आणि एक त्याच भिंतीच्या चांगल्या भागावर असे तीन लावा म्हणजे तुलना करता येते.

दोन टोकं टेकवून मोजणारा ओलमापक असेल तर तोही वापरा, पण आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तो विजेचा रोध मोजतो, आणि क्षार असले की थोड्याशा ओलाव्यातही वीज सहज वाहते. त्यामुळे लोणा लागलेली भिंत आहे त्यापेक्षा जास्त ओली दाखवली जाते.

पाणी भिंतीतून येतंय हे ठरलं की उगम शोधायचा. पाइपचा संशय असेल तर घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि तीन-चार तासांनी पुन्हा बघा. आकडा हलला तर कुठेतरी गळती आहे. भिंतीपलीकडे न्हाणीघर असेल तर शक्य झाल्यास ते काही दिवस न वापरता ठेवून डाग फिका होतो का पाहा. फरशीच्या सांध्यांतून मुरणारं पाणी मीटर दाखवत नाही, कारण ते वापरून झालेलं पाणी असतं. बाहेरच्या भिंतीचा संशय असेल तर पाण्याची नळी घेऊन आधी खालच्या भागावर पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडा, मग हळूहळू वर सरका. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळ्याच भेगांत जातं आणि नेमकी कोणती गळते ते कळत नाही.

गळती थांबली, तरी फुगे

माझ्या खोलीत प्लास्टिक आतून ओलं निघालं. पलीकडे न्हाणीघर होतं आणि नळाभोवतीचा फरशीचा सांधा रिकामा झाला होता. सांधा खरवडून नव्याने भरला, डाग आठवड्याभरात फिका पडला, भिंतीला हात लावला तर कोरडी लागली. दोन आठवड्यांनी मी रंग मारला. हवा कोरडी होती तोवर भिंत छान राहिली. हवा दमट झाली आणि आठ दिवसांत फुगे परत आले.

इथे दोन चुका झाल्या होत्या. पहिली, हाताला कोरडी लागणारी भिंत आतून कोरडी नसते. वरचा थर लगेच सुकतो, विटेच्या पोटातलं पाणी निघायला आठवडे लागतात, जाड भिंतीला कित्येक महिने. रंग मारला की त्या पाण्याची वाट बंद होते आणि ते रंगालाच ढकलतं.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. गळती बंद झाली म्हणून क्षार कुठे जात नाहीत. ते प्लास्टरमध्येच बसून राहतात, आणि त्यांतले काही क्षार हवेतली वाफ स्वतःकडे ओढतात. साधं मीठच घ्या: हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी धरून ओघळायला लागतं. भिंतीतल्या नायट्रेट जातीच्या काही क्षारांना तर त्याहूनही कमी आर्द्रता पुरते. हवा दमट झाली की क्षार विरघळतात, कोरडी झाली की पुन्हा स्फटिक होतात, आणि प्रत्येक फेरीत रंग थोडा आणखी उचलला जातो. बाहेरून एक थेंब न येता भिंत ओली होते. अशा प्लास्टरवर कितीही चांगला रंग लावा, तो टिकत नाही. ते प्लास्टरच काढावं लागतं.

प्लास्टर काढून दुरुस्ती

सगळ्यात आधी त्या भिंतीवरच्या बोर्डाची एमसीबी पाडा आणि टेस्टरने वीज गेल्याची खात्री करा. टेबलामागे एक्स्टेंशन बोर्ड, चार्जर, राउटर असं सगळं एकवटलेलं असतं. ते सगळं खोलीबाहेर काढा. ओल बोर्डाच्या डब्यापर्यंत पोचली असेल, प्लग काळपट झाला असेल किंवा भिंतीला हात लावल्यावर झिणझिणी आली असेल, तर पुढचं काम थांबवून वीजतंत्रज्ञाला बोलवा. तेवढा भाग स्वतः करू नका.

घर जुनं असेल तर खालच्या थरांत शिसं असलेला रंग असू शकतो. तो कोरडा घासून धूळ उडवू नका. पाणी फवारून ओलसर खरवडा, चांगला मास्क लावा, मुलांना खोलीपासून दूर ठेवा आणि कचरा पिशवीत बांधून काढा.

आता हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकून बघा. घट्ट प्लास्टर टणक वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. बद्द वाजणाऱ्या भागाभोवती पेन्सिलीने रेघ मारा. त्याशिवाय डागाची किंवा भुकटीची सगळ्यांत बाहेरची खूण जिथे आहे तिथून आणखी ३० सेंटिमीटर पुढे दुसरी रेघ मारा. या बाहेरच्या रेघेपर्यंत छिन्नी-हातोडीने प्लास्टर काढून विटा उघड्या करायच्या. चांगलं दिसणारं प्लास्टर फोडताना हात कचरतो हे मला माहीत आहे, पण क्षार डोळ्यांना दिसतात त्याच्या बरेच पुढे पसरलेले असतात. कंजूषी केली की नव्या-जुन्या प्लास्टरच्या सांध्यावरच पुढचा फुगा येतो.

विटांमधले सांधे एक-दीड सेंटिमीटर खोल खरवडा आणि सगळी भिंत कडक ब्रशने कोरडीच घासा. पाण्याने धुऊ नका. पाण्याने क्षार विरघळून परत विटेत जातात आणि आपण पहिल्या पायरीवर येतो. आम्ल तर मुळीच नको. छोट्या बंद खोलीत त्याची वाफ छातीत जाते आणि भिंतीत नवे क्षार तयार होतात. निघालेली भुकटी जमिनीवर न ठेवता लगेच गोळा करून टाका.

आणि मग थांबा. विटा उघड्या ठेवून पंखा लावा. सुकताना विटांवर पुन्हा पांढरी झाक येईल, ती येऊ द्या. ती क्षार बाहेर पडत असल्याची खूण आहे. आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडा. माझ्या साडेचार इंची भिंतीला सहा आठवडे लागले, त्यात पहिले तीन आठवडे दर वेळी झाक येत होती, नंतर विरळ होत गेली. या काळात टेबल दुसऱ्या भिंतीला लावून काम चालू ठेवता येतं. झाक येणं थांबलं की प्लास्टिकची चाचणी पुन्हा करा. ४८ तासांनी प्लास्टिक आतून कोरडं निघालं तरच पुढे जा.

नवं प्लास्टर करायला स्वच्छ धुतलेली वाळू लागते. खारट वाळू वापरली तर क्षार आपणच आणून भरतो. एकास चार किंवा पाच या प्रमाणात सिमेंट-वाळू, जाडी साधारण १२ ते १५ मिलिमीटर. आधी विटा हलक्या ओल्या करा, नाहीतर कोरडी वीट मिश्रणातलं पाणी पिऊन टाकते आणि प्लास्टर धरत नाही. गुरमाळ्याने घोटताना फार गुळगुळीत करू नका. सात दिवस पाणी मारा, मग तीन-चार आठवडे सुकू द्या. ही मुदत निव्वळ ओलाव्यासाठी नसते. ताज्या सिमेंटचा अल्कलीपणा फार तीव्र असतो, पीएच १२ च्या वर, आणि ऑइलबेस प्रायमर त्यावर मारला तर त्यातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो आणि थर चिकट होऊन सुटतो. म्हणून सिमेंट प्रायमर पाण्यावर पातळ होणारा, अल्कली सोसणारा घ्या.

जुनी चुन्यात बांधलेली भिंत असेल तर सिमेंट प्लास्टर करू नका, चुन्याचंच करा. चुना ओलावा सहज बाहेर सोडतो; सिमेंट तो अडवतं आणि ओल वरच्या भागात किंवा पलीकडच्या खोलीत जाऊन निघते. पीओपी आणि जिप्समही या भिंतीवर नको. जिप्सम पाण्यात थोडं का होईना विरघळतं आणि ओल लागली की मऊ पडतं. पुट्टी लावायचीच तर पांढऱ्या सिमेंटची, दोन पातळ हात, मिळून दीड मिलिमीटरच्या आत. पहिल्या दोन दुरुस्त्यांत मी खड्डे पुट्टीनेच भरले होते, काही ठिकाणी बोटाच्या पेराएवढे. तेवढी जाड पुट्टी कोरड्या भिंतीवरही टिकत नाही. वर साधा मॅट इमल्शन पुरतो. चकचकीत ऑइलपेंट वाफ कोंडतो, म्हणून तो टाळा.

भिंतीला घाम सुटत असेल तर

प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला थेंब असतील तर वरचं काहीच करायची गरज नाही. खोलीचं तापमान २६ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर २० अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव पडतं. बाहेरची गार भिंत किंवा एसीच्या खोलीला लागून असलेली भिंत तेवढी सहज गार होते. त्यात शांत बसलेला माणूस तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम वाफ हवेत सोडतो. दार लावून दिवसभर काम केलं की छोट्या खोलीत पाव लिटरहून जास्त पाणी जमा होतं. दव पडायचीही वाट बघावी लागत नाही. भिंतीलगतची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी बुरशी धरते.

टेबल आणि कपाट भिंतीपासून आठ-दहा सेंटिमीटर पुढे घ्या, टेबलाची पाठ खालून उघडी ठेवा, दाराखाली फट ठेवा. एक साधा आर्द्रतामापक टेबलामागेच टांगा, खोलीच्या मधे नको. खिडकी उघडायची ती बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असताना. उलट असेल तेव्हा उघडली तर ओल आतच येते. बुरशी पुसताना मास्क आणि हातमोजे घाला, साबणाच्या पाण्याने पुसून लगेच कोरडं करा. ब्लीच आणि अमोनियाचं किंवा आम्लाचं क्लीनर एकत्र कधीही करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

जमिनीतून ओल चढत असेल तर

यात घरच्या घरी करण्यासारखं एकच मोठं काम आहे, ते बाहेरून. बाहेरची माती, फरशी किंवा बागेचा वाफा जोत्यावरच्या डीपीसीच्या, म्हणजे जमिनीतली ओल वर चढू न देणाऱ्या, थरापेक्षा किमान १५ सेंटिमीटर खाली हवा. पुष्कळदा नंतर टाकलेल्या मातीने तो थर बुजलेला असतो. माती उतरवा, पाण्याला भिंतीपासून दूर उतार द्या आणि पूर्ण एक दमट ऋतू जाऊ द्या. तरीही पट्टा तसाच राहिला तर भिंतीत रसायन भरून नवा थर तयार करावा लागतो. ते जाणकाराकडूनच करून घ्या.

आतून जलरोधक लेप मारून ओल दाबण्याचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. पाणी त्या लेपाच्या मागून ढकलतं, त्यामुळे तो आज ना उद्या सुटतोच. पीव्हीसीच्या पट्ट्या, वॉलपेपर किंवा प्लायने भिंत झाकणं त्याहून वाईट. ओल तिथेच राहते, दिसायची बंद होते, आणि मागच्या वायरींची व लाकडाची काय अवस्था झाली ते खूप उशिरा कळतं.

माझी भिंत रंगवून चौदा महिने झाले. जुन्या डागाची कड जिथे होती तिथे, टेबलाच्या मागे, मी पेन्सिलीने बारीक रेघ मारून तारीख लिहिली आहे. महिन्यातून एकदा टेबल पुढे ओढते, रेघेवरून तळहात फिरवते, हाताला भुकटी लागते का बघते आणि टेबल परत आठ सेंटिमीटरवर लावते.